मायक्रॉनचा हिशेब

लग्न जमायच्या सुमारास किंवा पहिली नोकरी लागल्यावर अनेक घरांत चष्मा घालवण्याचा विषय निघतो. मग चौकशी सुरू होते. लेसिक चांगलं, स्माइल चांगलं, की ते कॉन्टुरा? कुणाकडे नवीन मशीन आलंय? एका डोळ्याचे किती घेतात? जाहिराती याच भाषेत बोलतात, त्यामुळे विचारणाराही तेच विचारतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना मात्र आधी वेगळ्याच गोष्टीचं उत्तर हवं असतं: या माणसाच्या पारपटलाची जाडी किती, आणि त्यातली किती काढता येईल?

पारपटल म्हणजे कॉर्निया, डोळ्याच्या रंगीत भागावरचा पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची जाडी सर्वसाधारणपणे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. त्यात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू तो बराचसा थेट हवेतून घेतो. शाळेत आपण डोळ्यातल्या भिंगाचं कौतुक ऐकलेलं असतं, पण प्रकाश वाकवण्याचं मोठं काम या पडद्याचं आहे. डोळ्याची एकूण शक्ती ६० डायॉप्टरच्या आसपास धरली, तर त्यातले ४० हून अधिक एकट्या पारपटलाचे. त्यामुळे त्याची वक्रता जराशी बदलली तरी चष्म्याचा नंबर बदलतो. मायनस नंबर घालवायचा तर मधला भाग थोडा सपाट करायचा; प्लस नंबरसाठी कडेचा भाग कमी करून मध्य उंच ठेवायचा.

किती कमी करायचा, याचं एक सोपं सूत्र चार्ल्स मनरलिन यांच्या नावाने ओळखलं जातं. जेवढ्या रुंदीचा भाग दुरुस्त करायचा, ती रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, नंबरने गुणा आणि तीनने भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. ६ मिलिमीटर रुंदी धरली तर एका नंबरामागे १२ मायक्रॉन. उणे ६ नंबरवाल्याचे ७२ मायक्रॉन जाणार. आता रुंदी ६.५ मिलिमीटर करा: तेच ७२ मायक्रॉन ८४ वर जातात. रुंदी वाढवण्याला कारण असतं. रात्री बाहुली मोठी होते आणि दुरुस्त केलेल्या भागाच्या कडेबाहेरून प्रकाश आत शिरला, की समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात. म्हणजे रात्रीची नजर हवी तर जास्त मायक्रॉन मोजायचे.

लेसिकमध्ये याशिवाय वरचा एक पातळ थर, फ्लॅप, कापून उचलला जातो. तो १०० ते १२० मायक्रॉनचा असतो. नंतर तो परत जागेवर ठेवला जातो खरा, पण पूर्वीच्या ताकदीने कधीच जोडला जात नाही, म्हणून आधार देणाऱ्या भागात तो धरत नाहीत. फ्लॅप आणि लेसरने काढलेला भाग वजा जाता खाली निदान २५० मायक्रॉन राहिलेच पाहिजेत, असा जुना दंडक आहे. बरेच सर्जन आता ३०० च्या खाली जायला राजी नसतात. बँकेच्या बचत खात्यासारखंच हे, किमान शिल्लक ठेवावीच लागते. फक्त या खात्यात नवा भरणा कधीच होत नाही.

दोन उदाहरणं घेऊ. पारपटल ५४०, नंबर उणे ६, फ्लॅप ११०: ६ मिलिमीटरच्या हिशेबाने शिल्लक ३५८. निवांत. दुसऱ्याचं पारपटल ४९०, नंबर उणे ९, आणि रुंदी साडेसहा हवी: १२७ गेले, फ्लॅपचे ११० गेले, उरले २५३. कागदावर हा मनुष्य पास झाला. चांगला सर्जन मात्र त्याला लेसिक करणार नाही, आणि त्याने ‘दुसरीकडे करतात की’ म्हटलं तरी करू नये.

एवढ्या बारीक मापाने पेशी काढायला जो लेसर वापरतात त्याची गोष्ट न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात सुरू होते. तिथे रंगास्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे तिघे एक्सायमर लेसरवर काम करत होते. श्रीनिवासन मद्रासचे, रसायनशास्त्र तिथल्याच विद्यापीठात शिकलेले. या लेसरची १९३ नॅनोमीटरची अतिनील किरणं प्लॅस्टिकसारख्या पदार्थावर सुबक खाचा पाडतात हे त्यांना ठाऊक होतं. जिवंत प्राण्याच्या ऊतींवर काय होईल? २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन घरच्या मेजवानीतला उरलेला टर्की घेऊन प्रयोगशाळेत आले. त्याच्या कूर्चेवर लेसर चालवला तर स्वच्छ खाच पडली, आजूबाजूला जळाल्याची खूण नाही. तुलनेसाठी हिरव्या रंगाचा लेसर लावला, तर त्याने मांस करपवलं.

फरक आहे तो उष्णतेचा. १९३ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ६.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. प्रथिनांच्या साखळीतले बंध तोडायला ती पुरेशी आहे. तुटलेले तुकडे इतक्या झटकन उडून जातात की शेजारच्या थरापर्यंत ऊब पोचायला सवडच मिळत नाही. एका स्पंदात जेमतेम पाव मायक्रॉन जातो. शस्त्रक्रियेच्या वेळी अनेकांना केस जळाल्यासारखा वास येतो आणि ते घाबरतात. प्रत्यक्षात तो उडालेल्या रेणूंचा वास असतो. १९८३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासोबत प्राण्यांच्या पारपटलावर हे करून दाखवलं, आणि तिथून हे तंत्र डोळ्यांच्या दवाखान्याकडे निघालं.

तेव्हाचा दवाखानाही काही रिकामा बसलेला नव्हता. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात होसे बाराकेर पारपटलाची चकती कापून, गोठवून, लेथवर घासून परत बसवत. मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह हिऱ्याच्या सुरीने पारपटलावर किरणांसारखे छेद घेत. त्या छेदांची पद्धत अमेरिकेत फार गाजली. दहा वर्षांनी मोठ्या पाहणीत दिसलं की ४३ टक्के डोळे प्लसच्या दिशेने एक नंबर किंवा त्याहून जास्त सरकले होते. नेत्रशस्त्रक्रियेचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागत नाही, हे त्या पाहणीने डॉक्टरांना शिकवलं. पेशंटला ते अजून कुणी सांगत नाही.

आता पर्यायांकडे. नावं डझनभर असली तरी मूळ घराणी तीनच.

सर्वांत जुनं पीआरके. पारपटलावरची पातळ त्वचा खरवडायची (नव्या यंत्रांत तीही लेसरच काढतो), खाली एक्सायमर चालवायचा आणि वर औषधी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवून त्वचा उगवू द्यायची. तीन-चार दिवस डोळे सपाटून दुखतात, नजर स्थिरावायला आठवडे लागतात आणि मोठ्या नंबरात धुरकटपणाचा धोका असतो. म्हणून हे कुणी हौसेने मागत नाही. पण यात फ्लॅपच नसल्यामुळे मायक्रॉन वाचतात, आणि पुढे डोळ्याला मार बसला तर फ्लॅप सरकण्याची भीती नसते. कबड्डी किंवा बॉक्सिंग खेळणाऱ्याला, पातळ पारपटलाच्या माणसाला हे जुनंच बरं. माझ्या मते जाहिरातीत सर्वांत कमी दिसणारी ही पद्धत सर्वांत कमी लेखली गेलेलीही आहे.

दुसरं लेसिक. क्रीटमधले इओआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास बाराकेरांची चकती आणि एक्सायमर यांची सांगड घातली. त्वचा शाबूत राहते, म्हणून दुखत नाही. दुसऱ्या दिवशी माणूस चष्म्याविना वर्तमानपत्र वाचतो. आधी फ्लॅप यांत्रिक पात्याने कापत. आता तो फेम्टोसेकंद लेसरने कापतात, त्यालाच ‘ब्लेडलेस’ म्हणतात. या लेसरचं डोळ्यांशी नातं जुळलं ते अपघाताने. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात झेरार्ड मूरू यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून किरण गेला. तपासणाऱ्या डॉक्टरांना दृष्टिपटलावरची जखम आश्चर्य वाटावं इतकी नेटकी दिसली. पुढे त्यांतलेच रॉन कुर्ट्झ या संशोधकांबरोबर कामाला लागले. असे अतिलघु पण जबर स्पंद तयार करण्याची युक्ती मूरू आणि डॉना स्ट्रिकलँड यांची. २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. कॉन्टुरा हे वेगळं घराणं नव्हे. पारपटलाच्या उंचसखलपणाचा नकाशा घेऊन त्याबरहुकूम केलेलं ते लेसिकच आहे.

तिसरं स्माइल. जर्मनीत वॉल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लूम यांनी ते विकसित केलं, आणि सुरुवातीच्या काळात वडोदऱ्याच्या डॉ. रूपल शाह यांनी त्यावर महत्त्वाचं काम केलं. यात एक्सायमर नाहीच. फेम्टोसेकंद लेसर पारपटलाच्या पोटातच एक पातळ चकती कोरतो आणि दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून सर्जन ती ओढून काढतो. लेसिकच्या फ्लॅपला जवळजवळ पूर्ण वर्तुळाचा छेद लागतो, त्यात वरच्या थरातल्या बारीक नसा तुटतात. स्माइलमध्ये त्या कमी तुटतात, म्हणून डोळ्यांचा कोरडेपणाही कमी राहतो. पारपटलाची ताकद अधिक टिकते हा दावा तर्काला पटणारा आहे, पण म्हणून शिल्लक मोजायची गरज संपत नाही. स्माइलनंतरही पारपटल बिघडल्याच्या नोंदी आहेत. शिवाय ही पद्धत मुख्यतः मायनस आणि सिलिंड्रिकल नंबरांसाठी आहे, आणि पुढे थोडा नंबर उरला तर तो काढायला बहुधा पीआरकेच करावं लागतं.

पारपटल बिघडणं म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. केराटोकोनस नावाच्या विकारात पारपटल पातळ होत शंकूसारखं पुढे येतं. तो विशी-पंचविशीत वाढतो, म्हणजे बरोबर त्याच वयात ज्या वयात लोक चष्मा काढायला येतात. सुरुवातीला तो साध्या सिलिंड्रिकल नंबरासारखा दिसतो. अशा डोळ्यावर लेसर चालवला तर आधीच कमजोर भिंत आणखी खचते. नागपूरजवळच्या खेड्यांतल्या प्रौढांच्या पाहणीत, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, २.३ टक्के लोकांत केराटोकोनस आढळला. अमेरिकेत मिनेसोटातल्या जुन्या पाहणीत तेच प्रमाण लाखात ५४ च्या आसपास होतं. दोन्हीकडची मोजण्याची पद्धत वेगळी, तेव्हा हे आकडे शेजारी ठेवून थेट गुणाकार करू नये; तरीही आपल्याकडे तो दुर्मीळ नाही एवढं कळतं. ॲलर्जीने डोळे खाजणारी आणि ते चोळत बसणारी मुलं यात जास्त सापडतात. म्हणून लेसरआधीचा पारपटलाचा नकाशा, मागच्या पृष्ठभागासकट, हीच खरी परीक्षा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने ती आठवडा-दोन आठवडे आधी बंद करायची असते, कारण लेन्सने दबलेलं पारपटल नकाशात खोटं उतरतं.

नकाशात शंका आली, जाडी अपुरी पडली किंवा नंबर फारच मोठा असला, तर डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगापुढे, आयसीएल नावाची कायमची लेन्स बसवता येते. पारपटलातलं काही काढावं लागत नाही, आणि गरज पडली तर ती लेन्स परत काढता येते. मात्र डोळा उघडून करायची शस्त्रक्रिया आहे, तिची जोखीम वेगळी, खर्चही जास्त.

चाळिशीजवळच्या मायनस नंबरवाल्यांनी आणखी एक गोष्ट तोलावी. उणे दोन नंबरचा माणूस आज चष्मा काढून पेपर वाचतो. ही सोय लेसर हिरावून घेतो. लांबचा चष्मा गेला, तरी वाचायचा थोड्याच वर्षांत येतो, कारण आतल्या भिंगाचा ताठरपणा पारपटल घासून जात नाही. एक डोळा मुद्दाम थोडा मायनस ठेवण्याचा मधला मार्ग आहे, पण तो आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्सने आजमावून पाहिलेला बरा.

आणि डोळा आतून जसा होता तसाच राहतो. मोठा मायनस नंबर म्हणजे लांबट डोळा आणि ताणलेलं दृष्टिपटल. चष्मा गेला म्हणून ते सुटण्याचा धोका जात नाही. अचानक विजेसारखे चमकारे दिसले किंवा काळे ठिपके वाढले, तर लेसर झालेल्यानेही त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आणि वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासून घ्यायचं.

पुढे साठीत मोतीबिंदू होईल. तेव्हा बसवायच्या लेन्सचा नंबर पारपटलाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेसर झालेल्या डोळ्यात नेहमीची सूत्रं चुकतात. डोळ्याचा दाबही अशा पातळ पारपटलावर असतो त्यापेक्षा कमी मोजला जातो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. त्या डॉक्टरांना तुमचा जुना नंबर, जुनी वक्रता आणि जुनी जाडी लागेल. लेसरआधीच्या तपासणीचे कागद दवाखान्यातून मागून घ्यावेत, त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, आणि मूळ फाईल घराच्या खरेदीखताच्या पिशवीत टाकावी.