पावसाळ्यांतील बियाण्याची खोली आणि दमटपणा काढणाऱ्या यंत्राच्या पाण्याची वाट

भात निघाल्यावर खाचरांत जी ओल उरते तिच्यावर वाल पेरण्याची आपल्या भागाची जुनी रीत आहे. मार्गशीर्षांत पेरलेला वाल फाल्गुनाच्या सुमारास हातीं येतो, आणि त्यांतून राखलेलें बियाणें पुढील मार्गशीर्षापर्यंत घरांत राहतें. भाताच्या बियाण्याची गोष्ट निराळी आहे. तें कार्तिकांत घरांत येतें व मृगाला बाहेर पडतें; त्याच्या वांट्यास बहुतेक कोरडे महिनेच येतात. वालाच्या बियाण्यास मात्र सबंध पावसाळा काढावा लागतो, आणि पनवेल तालुक्यांतील पावसाळा म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. श्रावणांत पोतें उघडावें तों बियाण्यास कुबट वास यावा आणि पेरल्यावर निम्में उगवूं नये, हा अनुभव पुष्कळांस आहे.

पूर्वी या बियाण्याची काळजी घरच घेत असे. चुलीवरील माळा दिवसांतून दोन वेळां धुरानें शेकला जाई, आणि पेंढ्यांत बांधलेली बियाण्याची मुडी तेथेंच असे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईकरितां गांवोगांवच्या जमिनी गेल्या, आणि पुढें कौलारू घरांच्या जागीं स्लॅबचीं घरें उभीं राहिलीं. चूल जाऊन गॅस आला. गॅसच्या शेगडीस धूर नाहीं. उलट गॅस जळतांना पाण्याची वाफच उत्पन्न होते, ती घरांतील दमटपणांत भर घालते. सीमेंटच्या भिंतींस आषाढांत घाम फुटतो तो सर्वांनीं पाहिला आहे. अशा घरांतील एका खोलींत बियाणें, वर्षाचे तांदूळ आणि जमिनीचे कागद ठेवावयाचे, म्हणून डिह्युमिडिफायर या नांवाचें, हवेंतील दमटपणा काढणारें यंत्र घेण्याकडे कांहीं जणांचा कल होत आहे. यंत्र घेतांना किती लिटरचें आणि किती किमतीचें एवढेंच बहुधा विचारलें जातें. त्यांतून निघणारें पाणी जाणार कोठें, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें खरा प्रश्न तोच आहे.

यंत्राची रचना साधी आहे. थंड पाण्यानें भरलेल्या तांब्यास बाहेरून थेंब जमतात तीच क्रिया येथें विजेच्या साहाय्यानें अखंड घडविली जाते. पंखा खोलींतील हवा ओढून एका थंड वेटोळ्यावरून नेतो. हवेंतील वाफेचें तेथें पाणी होऊन खालीं गळतें. कोरडी झालेली हवा दुसऱ्या, गरम वेटोळ्यावरून खोलींत परत येते. अमेरिकेंत विलिस कॅरियर यांनीं १९०२ सालीं ब्रुकलिनमधील एका छापखान्याकरितां जी वातानुकूलनाची योजना केली, तीही माणसांस गारवा मिळावा म्हणून नव्हे, तर दमट हवेंत कागद फुगून छपाईचे रंग सरकत म्हणून केली होती. या यंत्रानें खोली थंड होत नाहीं, किंचित् गरमच होते, हें मात्र आधींच जाणून असावें.

आतां पाण्याचा हिशेब पाहूं. बारा फूट लांब, बारा फूट रुंद व दहा फूट उंच खोलींत सुमारें ४१ घनमीटर हवा मावते. २८ अंश सेल्सिअस उष्णतेस पूर्ण संपृक्त हवेच्या एका घनमीटरांत सुमारें २७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें असतें. ९० टक्के दमटपणा असलेली हवा ६० टक्क्यांवर आणावयाची तर दर घनमीटरांतून सुमारें ८ ग्रॅम पाणी काढावें लागेल, म्हणजे सबंध खोलींतून अवघें तिसरा हिस्सा लिटर. एवढेंच असतें तर प्रश्नच नव्हता. परंतु दाराच्या व खिडकीच्या फटींतून तासांत एकदां जरी खोलींतील हवा बदलली, तरी हेंच काम दिवसांतून चोवीस वेळां करावें लागतें, आणि पाणी ८ लिटर भरतें. खिडकी उघडी टाकल्यास आपण खोली सोडून पनवेलची खाडी वाळवूं लागतों! त्यांत ओलसर धान्य आंत ठेवलें तर पाहावयासच नको. दहा क्विंटल भाताचा ओलावा १५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर यावयाचा तर त्यांतून २३ लिटर पाणी निघालें पाहिजे.

घरगुती यंत्राच्या पोटांतील टांकी बहुधा दोन ते पांच लिटरांची असते. ती भरली कीं आंतील तरंगता गोळा वर येऊन यंत्र आपोआप बंद पडतें. सायंकाळीं टांकी रिकामी करून शेतकरी निजतो. टांकी मध्यरात्रीच्या आंतच भरते, आणि पहांटेपर्यंत खोली पुन्हां बाहेरच्यासारखी दमट होते. लावणीच्या दिवसांत तर घरीं दिवसभर कोणी नसतें. यंत्र २० लिटरांचें असो कीं ३० लिटरांचें, त्याचें खरें काम टांकी जितक्या वेळां रिकामी होईल तितकेंच. शिवाय खोक्यावरील लिटरचा आंकडा बहुधा ३० अंश उष्णता व ८० टक्के दमटपणा धरून दिलेला असतो. खोली कोरडी होऊं लागली कीं तो उतरतो. म्हणून मोठें यंत्र घेण्यापेक्षां मध्यम यंत्राच्या पाण्यास कायमची वाट करून देणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें.

पुष्कळशा यंत्रांच्या पाठीमागें यासाठीं एक तोंड ठेवलेलें असतें व त्यास रबरी बूच असतें. बूच काढून तेथें अर्धा ते पाऊण इंची नळी, तोंडाच्या मापाची, घट्ट बसवावी व क्लिपनें आवळावी. खरेदीच्या वेळीं हें तोंड आहे कीं नाहीं, आणि तें जमिनीपासून किती उंचीवर आहे, हें स्वतः पाहावें. नळी जोडली तरी कांहीं यंत्रें टांकी जागेवर असल्याखेरीज सुरू होत नाहींत. म्हणून टांकी काढून ठेवूं नये.

पुढील काम शेतांत पाट काढणाऱ्यास शिकवावें लागत नाहीं. नळींतील पाणी आपल्या वजनानें वाहतें; त्याला मागून लोटणारें कोणी नाहीं. दर फुटास पाव इंच उतार असावा. दहा फूट नळीस अडीच इंच पुरे होतात. यंत्राच्या तोंडापासून बाहेरच्या टोंकापर्यंत नळी कोठेंही वर चढतां कामा नये, आणि मध्यें झोळ पडतां कामा नये. झोळांत पाणी साचतें, त्याच्या पुढें हवा कोंडते, आणि थेंबथेंब येणाऱ्या पाण्यांत ती कोंडी फोडण्याचें बळ नसतें. जास्तीची नळी वेटोळें करून मागें टाकण्याची संवय वाईट. ती कापून टाकावी. गवंडी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनें दोन भिंतींची पातळी जुळवितो, त्याच नळीनें यंत्राचें तोंड व भिंतींतील भोंक यांची उंची मोजावी. नुसत्या नजरेवर विसंबूं नये. फरशीचा उतार डोळ्यांस फसवितो.

उतार पुरत नसेल तर यंत्र विटांच्या पक्क्या ओट्यावर चढवावें. धान्याच्या पोत्यांवर किंवा हलत्या स्टुलावर तें ठेवूं नये, कारण तें सारखें थरथरतें. भिंतीपासून तें हातभर दूर असावें. आपल्या घरांस दोन-तीन फुटांचें जोतें असतें, तें येथें उपयोगी पडतें : भिंतींतून नळी बाहेर काढली कीं पडावयास हवी तेवढी उंची आयती मिळते. भोंक पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीस पाडावें, कारण आपल्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते. भोंक बाहेरच्या बाजूस उतरतें असावें, त्यांत पीव्हीसी नळाचा तुकडा बसवावा, आणि सभोंवतालची फट बुजवावी. नाहीं तर एका वाटेनें दमटपणा बाहेर काढून दुसरीनें आंत घ्यावयाचा असा प्रकार होतो.

बाहेरच्या टोंकाकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. तें पाण्यांत बुडलेलें नसावें. अतिवृष्टि आणि उधाणाची भरती एका वेळीं आली कीं खाडी पाणी घेत नाहीं आणि गाढी नदीकांठच्या सखल भागांत पाणी तुंबतें. आपल्या अंगणांत पाणी आजवर जेथपर्यंत चढलें असेल त्याच्या वरच नळीचें तोंड ठेवावें. तोंडास बारीक जाळी बांधावी, म्हणजे मुंग्या, झुरळें व बेडकाचीं पिलें आंत शिरणार नाहींत. मोरींत पाणी सोडावयाचें असल्यास नळी मोरीच्या नळांत खुपसूं नये. जाळीच्या वर दोन बोटें अंतर सोडावें, नाहीं तर गटाराची हवा थेट बियाण्याच्या खोलींत येईल.

खोली जोत्याखालीं असेल, किंवा पाणी वर चढविल्यावांचून गत्यंतर नसेल, तर पंपाचा उपयोग करतात. कांहीं यंत्रांतच पंप असतो. निराळा लहान पंपही मिळतो. पण पंप बिघडला कीं पाणी खोलींतच सांडतें. म्हणून त्याची टांकी भरतांच यंत्र बंद पडेल अशी तार जोडून घ्यावी. जेथें उतार मिळतो तेथें पंपाच्या भानगडींत पडूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. विजेची जोडणी मातींत नीट उतरलेल्या अर्थिंगची असावी व लांब तारेच्या जोडपट्टीवरून घेऊं नये.

नळी जोडल्यावर पहिले दोन दिवस टांकी उघडून पाहावी. टांकींत पाणी जमत असेल तर जोड नीट बसलेला नाहीं किंवा नळी कोठें तरी चढली आहे. पुढें पंधरा दिवसांनीं एकदां नळी काढून कोमट पाण्यानें धुवावी. आंत काळसर बुळबुळीत थर धरतो व तोच पुढें तोंड बुजवितो. हवा गाळणारी जाळीही त्याच वेळीं झाडावी, भाताच्या कोंड्यानें ती लवकर भरते. वीज जाऊन आल्यावर कांहीं यंत्रें स्वतः सुरू होतात, कांहीं होत नाहींत. आपलें कोणत्या जातीचें आहे हें पावसाळ्यापूर्वीं बटण बंद करून पाहून ठेवावें. सुरू होण्यास तीन-चार मिनिटें लागल्यास घाबरूं नये.

हें पाणी स्वच्छ दिसतें, तरी पिण्याचें नव्हे. तें धातूच्या वेटोळ्यावरून व धुळींतून आलेलें असतें. झाडांस किंवा फरशी पुसावयास चालेल. मात्र उघड्या बादलींत आठवडाभर सांठवून डासांस पाळणा बांधून देऊं नये.

दमटपणा किती ठेवावा हेंही ठरविलें पाहिजे. ६५ टक्क्यांच्या वर बुरशीस फावतें, म्हणून ५० ते ५५ टक्क्यांवर यंत्र लावावें आणि दमटपणा मोजणारें लहान मीटर खोलीच्या दुसऱ्या टोंकास टांगावें. त्याहून खालीं उतरविणें म्हणजे वीज जाळणें. ३०० वॅटचें यंत्र २० तास चाललें तर रोज ६ युनिटें होतात. ज्याच्याकडे पायली-दोन पायली बीं आहे त्यानें या खर्चांत पडूंच नये, घट्ट झांकणाचा डबा त्याला पुरे. खारेपाटांत पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ यांसारख्या खाऱ्या जमिनींत तग धरणाऱ्या भाताचें बियाणें मोठ्या प्रमाणावर राखणारा, अथवा वाल विकणारा, यानें विचार करावा.

तरीही यंत्राच्या भरंवशावर ओलें बियाणें आंत नेऊं नये. साध्या पोत्यांत ठेवावयाच्या बियाण्यास भातासाठीं १३ टक्के आणि कडधान्यांसाठीं ९ टक्के ही ओलाव्याची मर्यादा प्रमाणित बियाण्याच्या नियमांत धरलेली आहे. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांच्या ढोबळ नियमाप्रमाणें ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान ओलावा एक टक्क्यानें घटला कीं बियाण्याचें साठवणींतील आयुष्य दुप्पट होतें. ही घट चैत्र-वैशाखाच्या उन्हानें फुकट मिळते. यंत्र वाळलेलें बीं वाळलेलें राखील. खळ्याचें काम तें करणार नाहीं. वालाच्या भुंगेऱ्यावरही तें औषध नव्हे, त्याचा बंदोबस्त निराळा करावा लागतो.

नवरात्रानंतर बाहेरची हवा कोरडी झाली कीं यंत्र बंद करावें. नळी काढून पूर्ण निथळूं द्यावी व उन्हांत वाळवावी, भिंतींतील भोंक चिंधीनें बुजवावें, आणि काढून ठेवलेलें रबरी बूच पुन्हां तोंडास बसवावें. हें बूच हरवतेंच, म्हणून पावसाळाभर तें यंत्राच्या मागेंच चिकटपट्टीनें लावून ठेवलेलें बरें.