हेवी मेटलची वाटचाल (लेखांक ४) : सैल तारांचा खर्ज

गेल्या लेखांकात युद्धोत्तर इंग्लंडातील ब्लूजवेड्या तरुणांचा परामर्श घेतला. आज त्यांच्यापैकी एकाच्या हाताकडे अंमळ बारकाईने पाहणे इष्ट ठरेल, कारण पुढील अर्धशतकात या संगीताने जी वळणे घेतली, त्यांतील कित्येकांचा उगम त्या हातात सापडतो.

बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयॉमी हा सतरा वर्षांचा कामगार नोकरीच्या अखेरच्या दिवशीच उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे यंत्रात गमावून बसला. आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचे काम नेमके त्याच हाताकडे होते. कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्याला जँगो राइनहार्टची, म्हणजे आगीत दोन बोटे निकामी होऊनही थोरवीस पोहोचलेल्या गिटारवादकाची, ध्वनिमुद्रिका ऐकवली, तेव्हा त्याने हिय्या करून प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर चामडे चिकटवले आणि पुन्हा रियाज आरंभला. टोपणांतून तारेचा स्पर्श कळत नसे, सबब त्याने बारीक तारा चढवल्या. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त तर काही गीतांसाठी त्या तीन स्वरस्थाने खाली उतरवल्या. तार सैल झाली की बोटाचे कष्ट कमी होतात, पण स्वरही खर्जात उतरतो; व्यंगावरचा हा इलाज पुढे एका संप्रदायाचे लक्षण होऊन बसला.

स्वरांची निवडही तितकीच विलक्षण. बँडच्या १९७० साली निघालेल्या ‘ब्लॅक सॅबथ’ या पहिल्या संग्रहाच्या नामगीताचा आरंभ षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम एवढ्यावरच उभा आहे. यमनात तीव्र मध्यम पंचमाला जाऊन मिळतो आणि कान निवतो. येथे तो पंचमावर विसावतच नाही, आणि ऐकणाऱ्याची अस्वस्थता त्या नाकारलेल्या विसाव्यातून उपजते.

पुढे ज्यूडास प्रीस्ट या बँडने दोन गिटारांच्या जोडीने ब्लूजची उरलीसुरली छाया पुसली. परंतु माझ्या मते खरा सांधा बदलला तो १९८३ मध्ये, मेटालिकाच्या ‘किल ’एम ऑल’ने. भार आता खर्जातून मनगटात आला: तळव्याची कड तारांवर टेकवून, अतिद्रुत लयीतही शक्यतो प्रत्येक आघात वरून खालीच करण्याचा मेटालिकाचा गिटारवादक जेम्स हेटफील्ड याचा हट्ट श्रोत्याला अक्षरशः धडका देतो. स्लेयरचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ हा अख्खा संग्रह अर्ध्या तासाच्या आत संपतो, आणि पुढल्याच वर्षी नेपाम डेथने जेमतेम सेकंदभराचे गीत प्रसिद्ध करून वेगाची परिसीमा गाठली.

वेगाला पुढे वाट उरली नाही, तेव्हा संगीत पुन्हा खर्जाकडे वळले. स्वीडनच्या मेशुगाने आठ तारांची गिटार हाती घेतली आणि लयीतच पेच घातला: झांज चार मात्रांचे आवर्तन अढळ राखते, गिटार आणि पायाचा ड्रम विषम मात्रांचे खंड फिरवत राहतात, आणि पुष्कळ आवर्तनांनंतर दोघे समेवर भेटतात. लयकारीत मुरलेल्या आपल्या श्रोत्यांनी हे अवश्य ऐकावे.

नॉर्वेच्या वादकांनी मात्र १९९० नंतर हा खर्ज बुद्ध्याच नाकारून कर्कश, विरळ नादाची कास धरली. त्यांचा विचार पुढील लेखांकी.