टोस्ट, हेरंबकर आणि गावोगावचे नटवर्य

लंडनच्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत पन्नाशीकडे झुकलेला, भरघोस मिशांचा एक नट कानाला हेडफोन लावून उभा असतो. नाव स्टीव्हन टोस्ट. आवाज असा, की शेक्सपिअरचा राजा बोलतोय असं वाटावं. काचेपलीकडे बसलेला एक फॅशनेबल पोरगा माइकवरून आपलं नाव सांगतो, क्लेम फँडँगो, आणि आपला आवाज पोचतोय का असं विचारतो. टोस्टचा जबडा आवळतो. रोज तेच नाव, रोज तोच प्रश्न, आणि रोज टोस्टला एकेक अक्षर चावत उत्तर द्यावं लागतं, की हो, ऐकू येतंय. समोर येतो तो जाहिरातीचा नाहीतर कुठल्या यंत्राच्या सूचनांचा कागद. रंगभूमी गाजवण्यासाठी कमावलेला आवाज असा तासावर विकून टोस्ट पोट भरतो.

'टोस्ट ऑफ लंडन' ही ब्रिटनच्या चॅनल फोरवरची विनोदी मालिका. 2012 मध्ये तिचा नमुना भाग आला आणि 2013 ते 2015 या काळात तीन पर्वं झाली. मॅट बेरी हा नट-संगीतकार टोस्टची भूमिका करतो. लेखन त्याचं आणि 'फादर टेड' या गाजलेल्या मालिकेचा एक जनक आर्थर मॅथ्यूज याचं. 2015 मध्ये बेरीला याच कामासाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला. पुढे 2022 मध्ये बीबीसीने टोस्टला हॉलिवूडला धाडलं, 'टोस्ट ऑफ टिन्सलटाउन' या नावाने.

टोस्टचं जग लहान आहे. एड हा निवृत्त नट त्याला आपल्या घरात आसरा देतो. जेन ही त्याची एजंट एकाहून एक विचित्र कामं गळ्यात मारते. रे पर्चेस हा हाडवैरी नट, आणि त्याच्याच बायकोशी टोस्टचं सूत जुळलेलं. मालिकेत टोस्ट वेस्ट एंडच्या एका इतक्या बदनाम नाटकात काम करत असतो, की त्यापायी लोक रस्त्यात त्याचा पाणउतारा करतात. तरी आपण या पिढीतले थोर नट आहोत याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. बेरी ही भूमिका करताना आपण गंमत करतोय असं कुठेही सुचवत नाही. प्रेक्षक हसतात ते टोस्टच्या खात्रीला, आणि या खात्रीतला काही भाग खरा असतो. आवाज खरोखरच असामान्य आहे. त्याला साजेसं नाटक तेवढं कुणी देत नाही.

हा माणूस मराठी माणसाला परका वाटू नये. पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव या पट्ट्यात गणपती, होळी आणि गावदेवीच्या जत्रेत हौशी नाटकं होतात. मुंबईहून चाकरमानी येतात, शाळेच्या पटांगणात मंच उभा राहतो, भाड्याचे पडदे लागतात, विंगेत प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो आणि नारळ फोडून तिसरी घंटा होते. याच पट्ट्यात कुंडलिका नदीच्या एका काठावर रोहा, दुसऱ्या काठावर अष्टमी, आणि दोन्ही मिळून एकच नगरपरिषद. अशा गावांत एखादा तरी असा असतोच, की ज्याला सगळे 'नटवर्य' म्हणतात. तो एरवी दुकान चालवतो, कारखान्यात पाळी करतो, पण बोलताना हात मात्र संभाजीसारखा फिरतो. त्याने ऐन तारुण्यात एकदा स्पर्धेत केलेला प्रवेश त्याला आजही तोंडपाठ असतो. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे, त्यामुळे अशी माणसं महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याने पाहिली आहेत.

मराठीत या जातीचा सर्वांत लाडका विनोदी नट म्हणजे कृष्णराव हेरंबकर. दिलीप प्रभावळकरांनी लिहिलेलं 'हसवा फसवी' हे नाटक नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलं. त्यात ते एकाच प्रयोगात सहा वेगवेगळ्या भूमिका करत, हेरंबकर त्यांतलीच एक. नाना पुंजे, बॉबी मॉड, दीप्ती प्रभावळकर-पटेल-लुमुंबा ही मंडळी पोट धरून हसायला लावतात. हेरंबकर या संगीत रंगभूमीवरच्या वृद्ध गायकनटाची तऱ्हा मात्र वेगळी. पाठ वाकलेली, चाल थकलेली, आवाज कापरा. बोलणं एका आठवणीतून दुसरीत घरंगळत जातं. पण गाण्याचा विषय निघाला की मान ताठ होते, तान घ्यायला हात उचलला जातो. श्वास पुरत नाही, तरी जागा बरोबर घेतली जाते. सभागृहात आधी हशा असतो, मग तो हळूहळू विरतो.

इथे प्रभावळकरांचं मोठेपण आहे. हेरंबकरांची नुसती नक्कल करणं सोपं होतं. जुन्या गायकनटांचे लांबलचक आलाप, पल्लेदार उच्चार, स्वतःच्या आठवणींचा पसारा यांची थट्टा मराठी माणूस पूर्वापार करत आला आहे. प्रभावळकरांनी थट्टेखाली गाण्याचा खरा संस्कार ठेवला. हा माणूस कधीकाळी खरोखर गात असे, लोक खरोखर वन्स मोअर देत होते, हे प्रेक्षकाला पटतं. म्हणून हेरंबकर टिकले. पुढे पुष्कर श्रोत्रींनी हेच नाटक नव्याने केलं, तेव्हाही लोक हेरंबकरांची वाट पाहत होते.

हेरंबकरांच्या मागे एक खरं जग उभं आहे. संगीत नाटकांचे प्रयोग रात्रभर चालत, पदांना वन्स मोअर मिळत, उजाडायला आलं तरी पडदा पडत नसे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीची स्थापना 1913 ची. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला, टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन मालक एकाच रंगमंचावर आले, भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. कोण वरचढ ठरलं यावर पुढची कित्येक वर्षं वाद झाले. टोस्ट आणि पर्चेस यांच्या वैरातही चुरस आहे, पण तिच्यामागे असं रसिकांचं जग नाही, दोन पडेल नटांचा हेवा आहे. मानापमानच्या त्या रात्री हजारोंचे कान पणाला लागले होते.

मग बोलपट आले. 'अयोध्येचा राजा' 1932 चा. नाटक कंपन्यांचे बोऱ्या-बिस्तरे गुंडाळले जाऊ लागले. स्वतः बालगंधर्व कर्जात बुडाले होते. ते प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' या 1935 च्या चित्रपटात संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले, पण कॅमेऱ्यासमोर ते रमले नाहीत आणि पुन्हा रंगभूमीकडे वळले. ज्या नटाचं सारं बळ पदाच्या विस्तारात होतं, त्याला तुकड्यातुकड्यांनी चित्रण करणारं माध्यम कसं मानवणार? टोस्टच्या हेडफोनमध्ये आणि या प्रसंगात नातं आहे. यंत्र बदललं की नटाची किंमत एका रात्रीत बदलते, त्याचा आवाज मात्र तोच राहतो.

स्वतःच्या मोठेपणाची खात्री आणि खरी गुणवत्ता एकाच माणसात कशी नांदते, हे पाहायचं तर डॉ. काशिनाथ घाणेकर. चिपळूणचे, पेशाने दंतवैद्य. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले'मध्ये लाल्या. ही दोन्ही नाटकं वसंत कानेटकरांची, आणि या भूमिकांनी घाणेकरांना जी लोकप्रियता दिली ती मराठी रंगभूमीला नवीन होती. जाहिरातीत सगळ्या नटांची नावं संपली की शेवटी, तीन टिंबं टाकून, त्यांचं नाव येई. 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'. या एका 'आणि'मध्ये त्यांचा अभिमान आणि निर्मात्याचा गल्ला दोन्ही होते, कारण ते नाव वाचून लोक खरोखरच तिकिटाच्या रांगेत उभे राहत. मद्यपानाने आणि लहरीपणाने त्यांचं नुकसान झालं. 1986 मध्ये त्यांचं निधन झालं. 2018 च्या दिवाळीत त्यांच्यावरचा चित्रपट त्याच टिंबांच्या शीर्षकाने आला. सुबोध भावे घाणेकर झाले आणि सुमीत राघवन डॉ. श्रीराम लागू.

लागूही डॉक्टरच, कान-नाक-घशाचे. डिसेंबर 1970 मध्ये त्यांनी 'नटसम्राट'चे गणपतराव बेलवलकर उभे केले. वि. वा. शिरवाडकरांच्या या नाटकात तोच अहंमन्य, आठवणींत जगणारा म्हातारा नट आहे, फक्त इथे तो हसवत नाही. घर मुलांना देऊन बसतो आणि आसऱ्यावाचून हिंडतो. 2016 मध्ये पडद्यावर हीच भूमिका मुरुडच्या नाना पाटेकरांनी केली. रोह्याला लागूनच असलेल्या तालुक्यातला हा नट, म्हणून रोहेकरांना त्याचं वेगळं अप्रूप.

शोकांतिकेत बेलवलकर, रंगमंचावरच्या हास्यात हेरंबकर. मराठी दूरचित्रवाणीच्या विनोदाने मात्र बहुतेक वेळा कुटुंबाचं घर निवडलं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. त्यावर 'चिमणराव' गाजला, त्यातले चिमणराव होते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. पुढे 2001 मध्ये आलेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये आबा झाले तेही प्रभावळकरच. हॉल, स्वयंपाकघर, सासू, सून, आजोबा. या चौकटीत विनोद छान फुलला आणि त्याचं मोल मोठं आहे. पण ज्या माणसाने हेरंबकर रंगवला त्याच्याच हातून मालिकेत नट झाला नाही, ही रुखरुख राहतेच.

आज तशी मालिका करायला सामग्री हाताशी आहे. मराठी नाटकात नटाला मिळणारा मोबदला आजही 'नाइट'वर ठरतो, प्रयोग रद्द झाला की नाइट गेली. मधल्या दिवसांत दैनंदिन मालिकेतला चार दिवसांचा काका, परभाषेतल्या चित्रपटाचं मराठी डबिंग, एखाद्या मसाल्याच्या जाहिरातीचा आवाज. बारा बारा तासांचं चित्रीकरण मढ नाहीतर मिरा रोडला, आणि ऑडिशन म्हणजे मोबाइलवर स्वतःच काढून धाडलेली क्लिप. हेरंबकरांच्या पिढीला समोर प्रेक्षक तरी होता. या नटाला समोर फक्त मोबाइलचा स्टँड आहे. त्यातच कुणी चाळीस वर्षांचा, आवाज कमावलेला, स्पर्धेत रौप्यपदक मिळवलेला असला तर त्याची तडफड विनोदी आहे आणि खरीही आहे.

आणि त्याला मुंबईतच राहायला हवं असंही नाही. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते, आणि रोह्याहून दिव्याला जाणारी गाडी रोज सुटते. अष्टमीचा एखादा नटवर्य पहाटे स्टेशन गाठतो, पेणपर्यंत खिडकीशी बसून संवाद पुटपुटतो, दिव्याला गाडी बदलून अंधेरीच्या स्टुडिओत पोचतो. तिथे काचेपलीकडचा पोरगा त्याच्या नावाचा चुकीचा उच्चार करतो आणि आवाज येतोय का विचारतो. दिवसभर एका परदेशी चित्रपटातल्या खलनायकाच्या साथीदाराला मराठी आवाज देऊन तो रात्री परत येतो, आणि नाक्यावर विचारणाऱ्याला आज मोठं काम झालं असं सांगतो. असा माणूस लिहायला लेखक हवा, आणि त्याच्या आवाजावर मनापासून विश्वास ठेवणारा नट हवा. मॅट बेरीने टोस्टवर तेवढा विश्वास ठेवला, प्रभावळकरांनी हेरंबकरांवर.