मार्केट यार्डातील न्याय आणि विद्यापीठातील विद्यार्थी

विद्यापीठासंबंधीची वृत्ते आपल्याकडे साधारणतः तीन निरनिराळ्या ठिकाणी छापली जातात. प्राध्यापकभरतीला मंजुरी मिळाली अथवा ती पुन्हा लांबणीवर पडली, हे एका पानावर येते; शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत वाढल्याचे दुसऱ्या पानावरील चौकटीत येते; आणि एखाद्या महाविद्यालयात समुपदेशन केंद्र उघडल्याची बातमी तिसऱ्या पानाच्या तळाशी जागा मिळाली तर येते. वाचकही या तिन्ही बाबी परस्परांशी निःसंबंध आहेत असे समजून वाचतो. वस्तुतः त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो असा की, घर सोडून शहरात शिकावयास आलेल्या मुलाचे वा मुलीचे बरेवाईट पाहण्याचे उत्तरदायित्व नेमके कोणाकडे आहे? या प्रश्नाचा विचार करावयास पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील इमारतीपेक्षा गुलटेकडीचे मार्केट यार्ड अधिक सोयीचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याचे कारण तेथील हमालांच्या इतिहासात आहे. घाऊक व्यापार भवानी पेठ व नाना पेठेच्या अरुंद बोळांत चालत असे त्या काळापासून हमालाला धनी पुष्कळ, पण मालक एकही नव्हता. सकाळी एका आडत्याच्या गाळ्यावर पोती उतरवावीत, दुपारी दुसऱ्याच्या मालमोटारीत ती भरावीत, आणि संध्याकाळी पाठीत उसण भरली तर मात्र दोघांनीही हा आमचा नोकर नव्हे म्हणून हात झटकावेत, अशी रीत होती. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत या संघटनेने पुण्यात, आणि अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांनी मुंबईत, याच विस्कळीतपणाविरुद्ध झगडा मांडला. १९६९ साली महाराष्ट्र शासनाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी जो कायदा केला, त्याची खरी खुबी अशी की, त्याने शेकडो धन्यांच्या मधोमध एक मंडळ उभे केले. व्यापाऱ्यांनी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात जमा करावी, मंडळाने कामगाराला पगार द्यावा, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा व औषधोपचार यांची तरतूद व्हावी, अशी ही योजना आहे. मंडळावर मालक, कामगार आणि शासन या तिघांचेही प्रतिनिधी असतात. कामाचे धनी अनेक असले तरी जबाबदारीचे ठिकाण एकच असावे, हे तत्त्व त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात कायमचे नोंदले गेले.

आता महाविद्यालयांकडे वळून पाहिले असता असे दिसते की, जे दैन्य हमालाच्या वाट्यातून कायद्याने काही अंशी दूर केले, तेच उच्चविद्याविभूषित अध्यापकाच्या वाट्याला आले आहे. शासनमान्य पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिल्यामुळे अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर पडतो. त्यांची नेमणूक सत्रापुरती असते. मोबदला तासावर मोजला जातो. तास झाला नाही तर पैसे नाहीत आणि सुटीच्या महिन्यांत तर काहीच नाही. पीएच.डी. पदवी मिळवलेला आणि सेट वा नेट उत्तीर्ण असलेला मनुष्य सकाळी एका महाविद्यालयात दोन तास आणि दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकास आणखी दोन तास शिकवतो, तेव्हा त्याची स्थिती १९६९ पूर्वीच्या हमालाहून तत्त्वतः निराळी नसते. मागील बाकावरचा एक मुलगा पंधरा दिवसांपासून गप्प बसू लागला आहे, ही गोष्ट अशा शिक्षकाच्या ध्यानात यावी कशी? आणि आली तरी तास संपल्यावर त्याच्यापाशी थांबण्यास सवड व स्थान त्याला कोणी दिले आहे?

विद्यार्थ्याला आधार देण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे, आणि तिची वाटचाल भिक्षेकडून हक्काकडे झालेली आहे. एके काळी पुण्यात शिकावयास आलेली मुले वारावर जेवत आणि माधुकरी मागत. त्या दातृत्वाला दयेचा स्पर्श होता हे खरे, परंतु जातीची सीमाही होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे स्थापन करून ती सीमा ओलांडण्यास आरंभ केला. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस बसली, आणि श्रम करून शिकण्याची प्रतिष्ठा तेथून महाराष्ट्रभर पसरली. विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आजही त्यांच्याच नावाने चालते. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने खेड्यांतून आलेल्या गरजू मुलामुलींना निवासाबरोबर स्वावलंबनाची शिस्तही दिली. हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे उपाहारगृह ना नफा ना तोटा या तत्त्वावर उघडले ते मूळ श्रमिकांसाठी. परंतु तेथील झुणका-भाकर हमालाच्या शेजारी बसून खाणाऱ्यांत विद्यार्थीही असतात, आणि त्यांना तेथे कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत.

आजची शासकीय तरतूद या वाटचालीचा पुढील टप्पा होय. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेखाली आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला स्वयम् योजनेखाली भोजन, निवास व निर्वाहासाठी रक्कम मिळते. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा अधिक नाही अशा इतर मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्णतः माफ झाले आहे. मनाच्या स्वास्थ्यासाठी टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये असे निर्देश दिले की, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमला पाहिजे.

कागदावर एवढे सर्व असूनही विद्यार्थी एकटा का पडतो? कारण उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीत, अर्ज शासनाच्या महाडीबीटी या संगणकप्रणालीवर, छाननी महाविद्यालयाच्या कारकुनाकडे, मंजुरी समाजकल्याण खात्यात आणि समुपदेशक असलाच तर आठवड्यातून एक वार, अशा रीतीने त्याच्या आयुष्याचे तुकडे निरनिराळ्या दफ्तरांत वाटले गेलेले असतात. शिष्यवृत्तीचा हप्ता थकला म्हणून खाणावळीचे बिल थकते, बिल थकले म्हणून झोप उडते, आणि झोप उडाली म्हणून अभ्यास मागे पडतो. परंतु ही साखळी आदीपासून अंतापर्यंत पाहणारा अधिकारी कोठेच नेमलेला नसतो.

स्थैर्य असलेला अध्यापक किती दूरवर पोहोचू शकतो याचे उदाहरण पुण्यातच आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या एसएनडीटीच्या, पुण्यातील निरंतर व प्रौढ शिक्षण विभागाच्या अध्यापिका गेल्या शतकाच्या अखेरीस कचरा वेचणाऱ्या स्त्रियांच्या मुलांना शिकवावयास गेल्या आणि त्यांच्या श्रमाचा प्रश्न पाहून तेथेच रुजल्या. त्यातून, बाबा आढाव यांच्या साहाय्याने, १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्या स्त्रियांची संघटना उभी राहिली. अशा कामास वर्षांची सलगता लागते. पुढील जूनमध्ये आपण येथे असू की नाही याची चिंता वाहणाऱ्या माणसाच्या हातून ते होणे कठीण.

तेव्हा उपाय शोधण्यासाठी समित्या नेमण्याची गरज नाही. त्याचा नमुना मार्केट यार्डात चालू स्थितीत आहे. प्रत्येक महाविद्यालयात शिष्यवृत्ती, निवास, भोजन आणि मनःस्वास्थ्य यांची एकत्रित दखल घेणारा एक कक्ष असावा, त्याच्या मंडळावर विद्यार्थी, अध्यापक व शासन यांचे प्रतिनिधी असावेत, आणि तासिका शिक्षकाची नेमणूक व वेतन अनेक संस्थांत विखुरले असले तरी त्याची हमी घेणारे ठिकाण एक असावे. रिक्त पदे भरणे हे तर याचे पहिले कलम होय. वाचकांपैकी ज्यांची मुले यंदा महाविद्यालयात गेली आहेत, त्यांनी प्राचार्यांस दोन प्रश्न लेखी विचारावेत: आपल्याकडे कायम अध्यापकांची किती पदे रिक्त आहेत, आणि पूर्णवेळ समुपदेशक कोण आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी मागितली गेली, तर ती देण्याची सवयही हळूहळू लागेल.