नोंद नसलेल्या पानाचं काय करायचं?

लॅपटॉप स्लीपवर टाकला तरी रॅमला थोडी वीज लागतच राहते. हायबरनेशनमध्ये तीही बंद होते. त्यासाठी लिनक्सचा कर्नल आधी सगळे प्रोग्रॅम गोठवतो, रॅममधल्या कामाच्या मजकुराची रॅममध्येच प्रत काढतो आणि मग ती स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत लिहितो. प्रत एकेका पानाची निघते. पान म्हणजे रॅमचा ठरावीक तुकडा, बहुधा 4 केबीचा; म्हणजे 8 जीबीच्या यंत्रात सुमारे 21 लाख पानं. प्रत्येक पान कर्नलच्या पेज टेबलात नोंदलेलं आहे, हे यात गृहीत धरलेलं असतं. नोंद नसेल तर ते वाचायला जाताच पेज फॉल्ट होतो आणि यंत्र कोसळतं. डिस्कवर तोवर काहीच उतरलेलं नसतं, त्यामुळे जतन न केलेलं काम गेलं म्हणून समजा. गंमत म्हणजे पान रॅममध्ये जागच्या जागी असतं. सातबाऱ्यावरून नाव उडालं म्हणून जमीन कुठे जात नाही, तसंच.

अशी पानं सरळ वगळावीत किंवा हायबरनेशनआधी सरसकट मॅप करावीत, म्हणजे पेज टेबलात नोंदावीत, हे उपाय लगेच सुचतात. दोन्ही चुकीचे आहेत, कारण नोंद कुणीतरी मुद्दाम काढलेली असते आणि ती का काढली हे विचारल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. ‘डीबग पेजअलॉक’ हा पर्याय चालू असला की मोकळं झालेलं पान अनमॅप होतं. सदोष कोडनं त्याला हात लावला तर चोरी जागेवरच पकडली जावी म्हणून. 2008 मध्ये कर्नलचे विकसक रफाएल व्हिसोत्स्की यांनी एक्स86 प्रोसेसरांसाठी केलेल्या दुरुस्तीनं हा सापळा मोडला नाही. पान मॅप आहे का ते पाहायचं, नसेल तर तेवढ्यापुरतं जोडायचं, प्रत काढायची आणि पुन्हा तोडायचं. त्या क्षणी प्रोसेसरचे बाकीचे कोअर बंद असतात, इंटरप्टही बंद असतात. त्यामुळे उघडलेल्या फटीतून दुसरं कुणी शिरू शकत नाही.

मोकळी पानं कर्नल वगळतोच, मग ही उठाठेव कशाला, असं कुणी म्हणेल. पण पान मोकळं आहे की नाही आणि ते मॅप आहे की नाही, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या कायम जुळतील याची हमी नाही. कामाचं पान वगळलं गेलं तर यंत्र जागं होईल, पण चुकीचा मजकूर घेऊन. निमूटपणे बिघडलेल्या माहितीपेक्षा कोसळणं परवडलं. वेगाची तक्रार तर फारच किरकोळ : जिथे पानं अनमॅप करण्याची सोयच नाही, तिथे ही तपासणी जवळपास फुकट पडते.

मात्र हाच उपाय सगळीकडे लावणं धोक्याचं. 2021 च्या 5.14 आवृत्तीत आलेल्या ‘मेमएफडी सीक्रेट’ या सोयीत एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांसारखा गोपनीय मजकूर कर्नलच्याही नजरेआड ठेवता येतो. ती पानं तात्पुरती जोडून प्रत काढली तर गुपित थेट डिस्कवर जाईल. म्हणून अशी मेमरी वापरात असेपर्यंत कर्नल हायबरनेशनच नाकारतो. एका प्रोग्रॅमसाठी अख्ख्या यंत्राची अडवणूक का, ही तक्रार खोटी नाही. स्वॅप एन्क्रिप्ट केलेला असेल तर ती आणखीच पटते. पण तो तसा असेलच, असं कर्नलनं गृहीत धरू नये. नकारच योग्य आहे.

तेव्हा हायबरनेट होत नसेल तर आधी बिघाड आहे की नकार, ते पाहा. सिस्टीमच्या पॉवर फोल्डरमधल्या ‘स्टेट’ फाइलमध्ये ‘डिस्क’ हा शब्द नसेल, तर कर्नल सध्या हायबरनेशन देतच नाहीये.