निम्मा सडलेला निघाला

कळवणच्या बाजार समितीत ट्रॅक्टर लावून थांबलेला शेतकरी शेजारच्याला सांगतो, ‘‘परवा चाळ फोडली. निम्मा सडलेला निघाला. वेगळा केला, उरलेला घेऊन आलो.’’ यात ‘आणि’ नाही, ‘म्हणून’ नाही, कांद्याचं नावही नाही. तरी ऐकणारा कुठे अडत नाही.

उभयान्वयी अव्ययं पेरली की मजकूर जोडला जातो, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. ते खरं नाही. ‘चाळ’ (कांदा साठवायची) स्त्रीलिंगी, ‘निघाला’, ‘केला’ पुल्लिंगी. म्हणजे सडली ती चाळ नव्हे. मराठीत असा एक प्रत्ययसुद्धा वाक्यांना एकमेकांशी बांधतो. या बांधणीला संसक्ती म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे आणि रुकैया हसन यांनी १९७६ साली इंग्रजीतल्या संसक्तीचे पाच प्रकार सांगितले : संदर्भ, प्रतियोजन, लोप, जोडशब्द आणि शब्दसंबंध. पाचांत जोडशब्दांचा वाटा एकच!

पण चाळीत कांदाच होता हे प्रत्यय सांगत नाही. ते कळवणकराला ठाऊक असतं. जगाच्या ओळखीतून लागणारा हा अर्थ म्हणजे सुसंगती. द बोग्रान्द आणि ड्रेसलर यांनी १९८१ मध्ये मजकुराच्या सात कसोट्या दिल्या, त्यांत संसक्ती आणि सुसंगती वेगवेगळ्या धरल्या.

उलट बाजूचा गैरसमज असा, की दुवे असले म्हणजे झालं. हे वाचा : ‘कळवणला कांदा पिकतो. कांदा चिरला की डोळ्यांत पाणी येतं. पाणी चणकापूर धरणात अडवलं आहे. धरण गिरणेवर आहे.’ प्रत्येक वाक्यानं मागच्याचं बोट धरलंय, पण बोलणारा हे का सांगतोय? मॅन आणि थॉम्प्सन यांचा १९८८ चा सिद्धान्त नेमका हाच प्रश्न विचारतो. ‘माल आजच मोकळा करा. आभाळ आलंय.’ पहिलं वाक्य मुख्य, दुसरं त्याचं कारण. दुसरं गाळलं तरी सल्ला उरतो; पहिलं गाळलं तर सल्लाच जातो.

म्हणून या सिद्धान्तांत कोण खरं, असं भांडण लावण्यात अर्थ नाही. एक बांधणी पाहतो, दुसरा हेतू. ‘हे सगळं वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसेत आधीच होतं’ हेही सरसकट म्हणू नये. उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती या सहा खुणांनी आपले शास्त्रकार संपूर्ण ग्रंथाचं तात्पर्य ठरवत. आरंभ आणि शेवट ताडून पाहणं ही त्यांतली पहिली खूण. ती थोर दृष्टी आहे, पण तिचा प्रश्न निराळा : वाक्यं कशानं जोडली हा नव्हे, ग्रंथाला शेवटी काय सांगायचंय हा.