ताट घेऊन येणारी माणसे

५ फेब्रुवारी २०२०च्या सकाळी योकोहामा इथे 'डायमंड प्रिन्सेस' या क्रूझ बोटीच्या कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून सांगितले, की प्रवाशांनी आपापल्या केबिनमध्ये जावे आणि तिथेच थांबावे. बोटीवर तेव्हा ३,७११ माणसे होती. २,६६६ प्रवासी आणि १,०४५ कर्मचारी. आदेश होता तो पहिल्या आकड्यासाठी. दुसऱ्या आकड्यातली माणसेही केबिनमध्ये जाऊन बसली असती, तर त्या दिवशी दुपारी कोणाच्याच पोटात काही गेले नसते.

त्याआधीची कहाणी थोडक्यात अशी. बोट २० जानेवारीला योकोहामाहून निघाली. हाँगकाँगचा एक वृद्ध प्रवासी २५ तारखेला आपल्या गावी उतरून गेला. त्याला नव्या कोरोना विषाणूची लागण झाल्याचे १ फेब्रुवारीला नक्की झाले, तोवर बोट व्हिएतनाम आणि तैवान करून ओकिनावाला पोचली होती. ३ तारखेला ती योकोहामाला परतली, जपानी आरोग्य अधिकारी वर चढले, तपासण्या सुरू झाल्या. पहिल्या ३१ नमुन्यांपैकी १० बाधित निघाले. निकाल हाती येईपर्यंत बोटीवरचे सुट्टीचे वातावरण बरेचसे तसेच होते, बुफेपुढच्या रांगांसकट.

बोटीवर साथ येणे क्रूझच्या धंद्याला नवीन नव्हते. नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांशी या कंपन्यांची जुनी ओळख आहे. अमेरिकेत तीन टक्के प्रवासी किंवा तीन टक्के कर्मचारी पोटाच्या तक्रारीने आजारी पडले, की ती साथ जाहीर केली जाते. मग बुफेतला डाव प्रवाशाच्या हातून काढून वाढप्याच्या हाती दिला जातो, कठडे आणि लिफ्टची बटणे दिवसभर पुसली जातात, साबणाने हात धुवा म्हणून मागे लागले जाते. ही सारी तालीम उलटी झालेला माणूस ओळखू येतो, या भरवशावर बसवलेली होती. इथे पुढे जे ७१२ जण बाधित ठरले, त्यांतल्या ३३१ जणांना चाचणीच्या वेळी कसलेही लक्षण नव्हते.

केबिनमधला दिवस कसा जाई, ते तुमच्या तिकिटावर अवलंबून होते. बाल्कनीवाल्यांना समुद्र, ऊन, शेजारच्या बाल्कनीतल्या माणसाशी दोन शब्द. खिडकीवाल्यांना निदान उजेड. सर्वांत स्वस्त असलेल्या आतल्या केबिनला मात्र खिडकीच नसते. दिवा मालवला की दुपारी बारालाही मध्यरात्र. या लोकांना पाळीपाळीने डेकवर नेत. मास्क लावून, एकमेकांपासून अंतर ठेवून ते फेऱ्या मारत आणि वेळ संपली की पुन्हा आत. प्रत्येकाला थर्मामीटर दिला होता, ताप आपला आपण बघायचा. कप्तानाच्या घोषणा होत. नव्या बाधितांचा आकडा कित्येकांना त्याआधीच फोनवरच्या बातम्यांतून कळलेला असे, कारण बोटीवरचे इंटरनेट फुकट केले होते.

पहिले एक-दोन दिवस जेवणाचा पार गोंधळ उडाला. बोटीची स्वयंपाकघरे मोठमोठ्या भोजनगृहांसाठी बांधलेली असतात. तिथे माणसे पंगतीला येतात. इथे पंगत मोडून हजाराहून अधिक दारांवर न्यायची होती, तीही दिवसातून तीनदा. दार वाजे, मास्क आणि हातमोजे घातलेला माणूस ट्रे देई आणि पुढच्या दाराकडे वळे. चादरी-टॉवेलही असेच दारातून आत-बाहेर.

जेवणापेक्षा औषधांचा प्रश्न बिकट होता. बोटीवरचे बहुतेक प्रवासी वयस्कर. या प्रवाशांचे मध्यवर्ती वय ६९ होते. रक्तदाब, मधुमेह, हृदयाच्या गोळ्या सहलीपुरत्या मोजून आणलेल्या. त्या संपत आल्या तेव्हा कोणीतरी औषधे कमी पडताहेत, असे जपानीत लिहून फलक बाल्कनीतून लटकवला. पुढे जपान सरकारने दोन हजार आयफोन बोटीवर वाटले, डॉक्टरांशी बोलता यावे आणि औषधे मागवता यावीत म्हणून.

एवढे होऊनही बोट धक्क्याला कायमची बांधलेली नव्हती. गोडे पाणी तयार करणे आणि अशीच इतर कामे उरकायला ती मधूनमधून खुल्या समुद्रात जाई आणि रसद, रुग्णवाहिका यांसाठी पुन्हा धक्क्याला लागे.

आता ट्रे आणणाऱ्यांकडे वळू. प्रवाशाला केबिन म्हणजे शिक्षा वाटत होती, कर्मचाऱ्याला तेवढेही मिळाले नव्हते. खालच्या डेकवर एका खोलीत दोघे-दोघे, सामाईक न्हाणीघर, जेवायला सगळ्यांची एकच मेस. ९ फेब्रुवारीपर्यंत २० कर्मचारी बाधित निघाले. त्यांतले १५ जेवणखाण विभागातले होते आणि १६ जण एकाच, तिसऱ्या डेकवर राहणारे. या १,०४५ जणांत १३२ भारतीय होते. त्यांतल्या काहींनी फोनवर व्हिडिओ करून निदान निरोगी लोकांना तरी वेगळे ठेवा, आम्हाला घरी न्या, अशी सरकारला विनवणी केली. कोबे विद्यापीठातले संसर्गरोगतज्ज्ञ केंतारो इवाता १८ तारखेला बोटीवर जाऊन आले. स्वच्छ भाग कुठला आणि दूषित कुठला, याचा तिथे पत्ताच नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आणि मोठी खळबळ उडाली.

आकडे मात्र सरळसोट गोष्ट सांगत नाहीत. बाधितांत ५६७ प्रवासी आणि १४५ कर्मचारी. म्हणजे प्रमाणाने बघितले तरी प्रवासीच जास्त. जपानी तज्ज्ञांच्या मते प्रवाशांमधला बराचसा संसर्ग ५ तारखेपूर्वीच, मौजमजेच्या दिवसांत होऊन गेला होता. दारे बंद झाल्यावर प्रवाशांतला फैलाव ओसरला. कर्मचाऱ्यांत तो चालू राहिला, कारण त्यांची दारे बंद झालीच नाहीत. माझ्या मते चूक त्या सकाळच्या आदेशात नव्हती. हजारो माणसांना खोलीत बसवायचे, तर शेकडो माणसे बाहेर राबणार, हे उघड होते. त्या शेकड्यांची सोय कशी करायची, याचा विचार झाला नाही, चूक ती.

आणि तो करायचा कोणी? बोट बांधली नागासाकीला, नोंदवलेली ब्रिटनमध्ये, चालवणारी कंपनी अमेरिकन, पाणी जपानचे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोजच्या तक्त्यात तिला कोणत्याच देशात घातले नाही, तिची ओळ वेगळी ठेवली.

बहुतेक प्रवासी १९ फेब्रुवारीपासून उतरू लागले. कर्मचाऱ्यांची पाळी शेवटी. २७ तारखेला एअर इंडियाच्या विमानाने ११९ भारतीय दिल्लीला आले आणि तिथून मानेसरच्या लष्करी तळावर आणखी चौदा दिवस विलगीकरणात गेले. १ मार्चला कप्तान जेन्नारो आर्मा सर्वांत शेवटी उतरला. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले, आणि ते रास्तही होते. महिनाभर ट्रे वाहणाऱ्यांची नावे मात्र फारशी कुठे आली नाहीत.

दोन महिन्यांत ही गोष्ट आपल्या किनाऱ्याला लागली. गोव्यात बार्देश-सासष्टीतल्या कित्येक घरांतला एखादा तरी बोटीवर असतो. त्याला तिथे 'तारवटी' म्हणतात. टाळेबंदीत भारतीय बंदरांवर खलाशांचे चढणे-उतरणे बंद झाले. 'मॅरेला डिस्कव्हरी' या क्रूझवरचे प्रवासी केव्हाच घरी पोचले होते, भारतीय कर्मचारी मात्र बोटीवरच अडकले. गोव्यातल्या कुटुंबांनी आणि पुढाऱ्यांनी केंद्राकडे तगादा लावला. अखेर नियम निघाले आणि २३ एप्रिलला ते मुंबई बंदरात उतरले. आधी चाचणी, मग पुन्हा विलगीकरण, त्यानंतर घर. क्रूझवरच्या नोकरीत करार संपला की पगारही थांबतो, पुढचे बोलावणे येईपर्यंत. त्या वर्षी ते कोणत्याच कंपनीकडून लवकर येणार नव्हते.